दगडावरचा नांगर

वाचकाचं पत्र

ताई, मी 46 वर्षांची आहे. सात वर्षांची असताना काही महिने आईच्या वडिलांकडे राहायला होते. आई दीड महिना दवाखान्यात होती, त्याच वर्षी माझा धाकटा भाऊ झाला. त्या दिवसांत आजोबा मला दर रविवारी जुन्या सिमेट्रीत घेऊन जायचे. खिशात हातभर रुमाल आणि छोटा आरसा. आम्ही नावं वाचायचो, मृत्यूच्या सालातून वय वजा करून जन्मसाल काढायचो. एका दगडावर नांगर कोरलेला होता. मला तो शेतातला वाटला. आजोबा म्हणाले, ‘हा जहाजाचा. इथे एक खलाशी आहे. सात वादळांतून सुखरूप परत आला आणि घरी आल्यावर तापाने गेला.’ तो खलाशी मी जन्मभर सांभाळला. माझ्या मुलालाही त्याच्या गोष्टी सांगितल्या.

गेल्या महिन्यात मुलाला (वय 9) घेऊन तिथे गेले. संध्याकाळच्या उन्हात अक्षरं स्पष्ट दिसत होती: 24 वर्षांची एक बाई आणि तिचं अकरा दिवसांचं बाळ. खलाशी कुठेच नाही. आजोबांनी दाखवलेले आणखी तीन दगड सापडले. त्यांच्याबद्दल त्यांनी सांगितलेलं अक्षर न् अक्षर बरोबर निघालं. आजोबा जाऊन बावीस वर्षं झाली. मला फसवल्यासारखं वाटतंय आणि तसं वाटल्याची लाजही वाटतेय. मुलगा विचारतो, ‘मग खलाशी कुठे गेला?’ नवरा म्हणतो, एवढ्याशा पोराला कबरींमधून हिंडवायचं कशाला. मुलाला काय सांगू? आजोबांच्या आठवणी लिहून काढणार होते, त्यात आता काय लिहू?

— एक नात

प्रिय नात,

आधी नांगराबद्दल बोलू. जुन्या ख्रिस्ती कबरीवर नांगर दिसला की बहुतेक जण तेच म्हणतात जे तुमचे आजोबा म्हणाले: इथे कोणी दर्यावर्दी आहे. पुष्कळदा ते खरंही असतं. पण ही खूण त्याहून फार जुनी आहे. रोमच्या भुयारी दफनगृहांत अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी भिंतींवर नांगर कोरलेत, आणि तिथे पुरलेल्यांचा समुद्राशी संबंध असायलाच हवा असं मुळीच नव्हतं. बायबलमध्ये इब्री लोकांना लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. तिथून नांगर म्हणजे आशा. तुमच्या दगडाखालच्या बाईसाठी तो ज्यांनी कोरून घेतला, त्यांच्या मनात बहुधा हीच आशा असणार, पुन्हा भेट होण्याची.

तेव्हा पहिली शक्यता साधी आहे. आजोबांनी नांगर पाहिला आणि खलाशी धरून चालले. भल्या भल्या जाणत्यांची इथे गफलत होते. तुटलेला खांब दिसला की लोकांना दगड पडझडीत मोडला असं वाटतं. तो मुद्दाम तसाच घडवलेला असतो, अर्ध्यावर संपलेल्या आयुष्यासाठी. कोकरू असलं तर ती बहुधा लहान मुलाची कबर.

दुसरी शक्यता, त्यांना अक्षरं वाचताच आली नसतील. हे अगदी होण्यासारखं आहे. संगमरवर दिसायला देखणा, पण पावसातल्या आम्लाने हळूहळू विरघळतो. वरचा गुळगुळीतपणा जाऊन बोटाला साखरेसारखी खरखर लागते आणि कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोथट होत जातात. वालुकाश्माचे पापुद्रे सुटतात, कधी अख्खी ओळच एका पापुद्र्याबरोबर गळून पडते. पाटीच्या दगडावरची अक्षरं मात्र दोन-अडीचशे वर्षांनंतरही काल कोरल्यासारखी दिसू शकतात. काही संगमरवरी दगडांवर शिशाची अक्षरं ठोकून बसवलेली असायची. शिसं गळून गेलं की मागे नुसती बारीक भोकं उरतात, आणि ज्याला सवय आहे तो त्या भोकांवरूनही नाव लावतो.

शिवाय उन्हाचा प्रश्न. सूर्य डोक्यावर असला किंवा दगडाच्या थेट समोर असला की झिजलेला दगड कोरा करकरीत दिसतो. तोच सूर्य बाजूला सरकला, उजेड दगडावरून घासत गेला, की प्रत्येक खाचेत सावली भरते आणि ओळी वर येतात. तुम्हाला संध्याकाळी झालं ते हेच. आजोबांच्या खिशात आरसा कशासाठी होता, हे तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत. कदाचित तुम्हाला तो खेळ म्हणून आठवत असेल. तो यासाठी होता. दगडाच्या एका बाजूला उभं राहायचं, आरशात ऊन पकडायचं आणि ते तिरपं दगडावर टाकायचं. भर दुपारी संध्याकाळ करता येते.

म्हणजे ज्या माणसाकडे आरसा होता, ज्याने बाकीचे तीन दगड बिनचूक वाचले, त्याला हा एकच वाचता आला नाही, हे मला पटत नाही.

तिसरी शक्यता तुम्हाला आवडणार नाही, तरी सांगते. खलाशी थोडाफार तुम्हीही घडवला असेल. फ्रेडरिक बार्टलेट नावाच्या इंग्लिश मानसशास्त्रज्ञाने 1932 साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. तो लोकांना एक अनोळखी लोककथा वाचायला द्यायचा आणि काही वेळाने, काही दिवसांनी, काहींना तर वर्षांनी, ती पुन्हा सांगायला लावायचा. कथेतलं जे परकं होतं ते गळत गेलं आणि त्या जागी ओळखीचं येत गेलं. मूळ गोष्टीतला लाकडी डोंगा सांगता सांगता साधी होडी झाला. कोणी खोटं बोलत नव्हतं. आठवण काढणं म्हणजे दर वेळी थोडं नव्याने बांधणं. आता सात वर्षांच्या तुम्ही डोळ्यांपुढे आणा. नांगर हा शब्द तुम्हाला शेतातला म्हणून माहीत. आजोबा म्हणतात, हा जहाजाचा. लगेच तुमचा प्रश्न आला असणार, जहाजाचा नांगर इथे कशाला? त्या प्रश्नाला काहीतरी उत्तर देणं भागच होतं. सात वादळं त्यांनी सांगितली की पुढच्या कुठल्या रविवारी तुम्ही तीनाची सात केलीत, कोण सांगणार! पण खलाशी मुळात त्यांचाच, असं मी तुमच्या सांगण्यावरून धरून चालते.

आणि आता तुमच्या पत्रातलं दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतलं वाक्य. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, त्या दिवसांत तुम्ही आजोबांकडे का होतात एवढंच सांगायला. आई दीड महिना दवाखान्यात होती. त्याच वर्षी धाकटा भाऊ झाला.

सरळ बाळंतपणासाठी कोणी दीड महिना दवाखान्यात राहत नाही. काहीतरी बिघडलं होतं, किंवा बिघडेल अशी भीती होती. आजोबांची मुलगी तिथे होती. त्यांचं बोट धरून तिची सात वर्षांची पोर उभी होती. समोर दगड, त्यावर एक तरुण बाई आणि तिचं अकरा दिवसांचं बाळ. आरसा खिशात. आणि पोर विचारतेय, आजोबा, इथे कोण आहे?

मी तिथे नव्हते. मला खात्रीने काही म्हणता येणार नाही, आणि आजोबांना विचारायची वेळ निघून गेली. पण मला विचाराल तर मी या चौथ्या शक्यतेवर हात ठेवीन. बाकी सगळ्या दगडांवर जो माणूस साल-वयाच्या हिशेबात एक दिवस इकडचा तिकडे होऊ देत नव्हता, त्याने नेमका हाच दगड चुकीचा वाचला. खलाशी त्यांना त्या क्षणी सुचला असावा, नांगर समोरच होता म्हणून. आणि काय सुचलं ते पाहा. सात वादळांतून सुखरूप परत येणारं माणूस. मरण त्यांनी टाळलं नाही, तुम्हाला इथे कोणीच मेलेलं नाही असं सांगितलं नाही. फक्त त्या दिवशी आई आणि बाळ एवढं तुमच्या नजरेआड ठेवलं.

फसवल्यासारखं वाटतंय, तर वाटू द्या. लाज कशाला? एकोणचाळीस वर्षं सांभाळलेलं माणूस एका संध्याकाळी नाहीसं झालं. तुमच्यासाठी तो खलाशी गेलाच आहे, त्याचं दुःख होणारच.

हा निवाडा मी दिला म्हणून पक्का धरू नका. तुमची आई आहे की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. असली तर तिच्याशी बोला. पण खलाशाचं नाव आधी काढू नका, तिला त्यातलं काही माहीत नसेल आणि गोष्ट तिथेच थांबेल. त्या वर्षाबद्दल विचारा. दवाखान्यात कशामुळे राहावं लागलं, आजोबा भेटायला यायचे का, रविवारी कधी यायचे. सिमेट्रीतून निघाल्यावर ते तुम्हाला घरी सोडून दवाखान्यात जात असतील, किंवा आधी जाऊन येत असतील. ते कळलं तर तुमच्या आठवणींतला रविवारच बदलेल. आई बोलायला तयार नसेल तर सोडून द्या. काही बायका त्या दिवसांबद्दल कधीच बोलत नाहीत आणि त्यांना तो हक्क आहे.

दगडाबद्दलही थोडं सांगायचं राहिलं. तुम्ही लिहिता त्यावरून असं वाटतं की दगड खरा आणि आजोबा खोटे. दगडावरचे शब्दही कोणीतरी निवडलेलेच असतात, जागा आणि पैसा पाहून. पहिल्या महायुद्धात मेलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांसाठी जे एकाच मापाचे दगड बसवले गेले, त्यांवर घरच्यांना आपले शब्द घालायला 66 अक्षरांची जागा मिळायची, दोन शब्दांमधली मोकळी जागा धरून. एका मुलाबद्दल 66 अक्षरांत आईने काय काय सांगावं? ज्यांची ओळखच पटली नाही त्यांच्या दगडांवर ‘देवाला ठाऊक’ अशा अर्थाचे शब्द आहेत. ते रुडयार्ड किपलिंगने सुचवले. त्याचा स्वतःचा अठरा वर्षांचा मुलगा 1915 साली लूसच्या लढाईत बेपत्ता झाला होता. तुमच्या दगडावर दोन वयं आहेत, 24 वर्षं आणि अकरा दिवस. ती कशी हसायची, बाळाचं नाव कोणी ठेवलं, दोघांपैकी आधी कोण गेलं, यातलं त्यावर फार काही नसणार. तिच्याबद्दल जे आहे तेवढं खरं. आजोबांबद्दल त्या दगडावर काहीच लिहिलेलं नाही.

आता मुलगा. त्याचा प्रश्न मला फार आवडला. खलाशी कुठे गेला? त्याला सगळं सांगा, जसं घडलं त्या क्रमाने. पणजोबांनी मला खलाशाची गोष्ट सांगितली. मी ती खरी मानली. आता आपण दगड वाचला, तिथे एक बाई आणि तिचं बाळ आहे. मला वाटतं, मी लहान होते आणि माझी आई आजारी होती, म्हणून पणजोबांनी मला ते सांगितलं नाही. खलाशी पणजोबांच्या गोष्टीतला. नऊ वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं आणि एवढं पेलतं. तो विचारेल, बाळ कशाने गेलं? माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. पूर्वी बाळंतपणात आई किंवा बाळ जाणं आजच्यापेक्षा कितीतरी जास्त व्हायचं, हे सांगा, ते खरं आहे. एक मात्र टाळा. ‘ते झोपलेत’ असं म्हणू नका. सिमेट्री हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ झोपायची जागा असाच आहे, आणि कानाला ते किती मऊ लागतं. पण मुलं शब्द जसाच्या तसा घेतात, आणि मग रात्री स्वतः डोळे मिटायला घाबरतात. मेलेत म्हणजे मेलेत, परत येणार नाहीत, एवढं सरळ बोललेलं मुलांना बरं पडतं.

तुमच्या नवऱ्याला मी एकदम चूक म्हणणार नाही. मूल कशाला घाबरेल याची काळजी बापाने करायची नाही तर कोणी? पण फिरायला म्हणून कबरींमध्ये जाणं ही काही तुमच्या आजोबांची विचित्र लहर नव्हती. पॅरिसचं पेर लाशेज 1804 मध्ये सुरू झालं, बॉस्टनजवळचं माउंट ऑबर्न 1831 मध्ये, लंडनचं हायगेट 1839 मध्ये. ही कबरस्तानं बागेसारखी, झाडं लावून, वळणावळणाचे रस्ते काढून आखलेली. लोक सहकुटुंब तिथे फिरायला जात, माउंट ऑबर्नला तर सहलीच निघत. नवऱ्याला एक सांगून पाहा: मुलाला विचारूनच नेईन, आणि तो निघू म्हणाला की त्याच क्षणी निघेन, हातातला दगड अर्धा वाचून झालेला असला तरी. ते पाळा मात्र. आणि नवऱ्यालाही एकदा बरोबर न्या.

त्यांची काळजी एका बाबतीत पूर्ण बरोबर आहे, फक्त भीती वेगळ्या गोष्टीची हवी. जुने उभे दगड आतून सुटलेले असतात. वरून भक्कम दिसणारा दगड शेकडो किलोंचा असू शकतो आणि मुलाच्या हाताने ओढला तरी येऊ शकतो. अशा अपघातांत मुलं गेलेली आहेत. तेव्हा टेकायचं नाही, चढायचं नाही, कललेल्या दगडाच्या पुढे-मागे रेंगाळायचं नाही. ही एकच शिस्त कडक ठेवा.

आठवणी लिहिण्याबद्दल. आजच बसा, आईला फोन करण्याच्या आधी. खलाशाचं पान सात वर्षांच्या तुमच्या डोळ्यांनी लिहा: नांगर, शेत, वादळं, आजोबांचा आवाज, रुमालाने दगड पुसणं. त्यात दुरुस्ती करू नका, ‘पण पुढे कळलं की’ असं मध्येच घालू नका. खाली तारीख टाका. मग वेगळ्या पानावर गेल्या महिन्यातली संध्याकाळ. आईकडून काही कळलं तर तिसरं पान. तिन्ही एकत्र ठेवा, एकात एक मिसळू नका. मिसळलं की काही वर्षांनी तुम्हालाच सांगता येणार नाही, मूळचं कुठलं आणि नंतरचं कुठलं.

आणि त्या बाईचंही लिहून ठेवा. दगड झिजतोय, तुमच्या मुलाच्या मुलांना तो वाचता येईल असं नाही. ओळी जशा आहेत तशा उतरवा, जिथे अक्षर लागत नाही तिथे जागा सोडा, अंदाजाने भरू नका. फोटो समोरून एक आणि दोन्ही बाजूंनी तिरपे. सिमेट्रीची देखभाल ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे पुरल्याच्या नोंदींची वही असेल तर विचारून पाहा, दगडावर नसलेलं काही तिथे मिळू शकतं.

दगड साफ करायचा मोह होईल. मी कॉलेजात असताना अशाच एका जुन्या कबरीपाशी तारेचा ब्रश घेऊन बसले होते, चांगलं काम करतेय या समजुतीने. पाचेक मिनिटांत दगड पांढराशुभ्र झाला. नावाचं शेवटचं अक्षर, जे आधी अंधूक का होईना दिसत होतं, ते पांढऱ्या भुकटीबरोबर माझ्या मांडीवर पडलं होतं. ते नाव मी आजही पूर्ण सांगू शकत नाही. म्हणून कळकळीने सांगते, तारेचा ब्रश नको, ॲसिड नको, ब्लीच नको, अक्षरांत खडू किंवा दाढीचा फेस भरणं नको. कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेणंही झिजलेल्या दगडावर नको, दाबाने पापुद्रे सुटतात. दगडावरची करडी-पिवळी दगडफुलं खरवडू नका. ती दगडाच्या कणांत घट्ट रुतलेली असतात, ओढली की दगडही येतो. ती वाढतात इतकी सावकाश, बऱ्याचदा वर्षाला मिलिमीटरहूनही कमी, की शास्त्रज्ञ कबरीवरचं साल आणि त्यावरच्या दगडफुलाची रुंदी ताडून त्यांच्या वाढीचा वेग काढतात. मुलाला हे सांगा, त्याला पट्टी घेऊन मोजायला आवडेल. हात न लावता. फार झालं तर देखभाल करणाऱ्यांची परवानगी घेऊन साधं पाणी आणि मऊ केसांचा ब्रश, तेही दगड धडधाकट असेल तरच.

आजोबांचा रुमाल आणि आरसा मात्र अगदी योग्य होते. आरसा अजून घरात कुठे असला तर शोधा, नसला तर हातात मावेल असा कुठलाही चालेल. पुढच्या खेपेला दुपारी जा, ऊन दगडाच्या मागे किंवा वर असेल तेव्हा, म्हणजे अक्षरं दिसणार नाहीत. मुलाला दगडाच्या डाव्या बाजूला चार पावलांवर उभं करा, आरसा त्याच्या हातात द्या आणि कवडसा कडेने आत सरकवायला सांगा. तुम्ही समोर बसा. तिचं नाव त्याला वाचू द्या, मोठ्याने. मग नांगरापाशी आलात की त्याला खलाशाची गोष्ट पुन्हा एकदा सांगा, सातही वादळांसकट, आजोबा सांगायचे तशी.

— ताई